बाळंतिणीचा पान्हा व घरचा आधार



आपल्या घरी बाळंतविडा थाटाने होतो, डिंकाचे व अळिवाचे लाडू वळले जातात. परंतु तिसऱ्या दिवशी मूल रडले, की ‘हिला दूधच पुरत नाही’ असा निवाडा होऊन बाटली येते. हा निवाडा घाईचा आहे, असे आम्हांस नम्रपणे सांगावयाचे आहे.

आरंभी चीक थोडाच येतो. तान्ह्यास तेवढा पुरतो. तो पिळून टाकणे व मध चाटविणे, दोन्ही अहितकारक. मूल जितके ओढील तितके दूध वाढते; बाटलीने ओढणे घटले, की पान्हाही आटतो. स्तनाग्रास चिरा पडल्यास मूल नीट धरते की नाही ते पाहावे. भोवतालचा काळसर भागही त्याच्या मुखात गेला पाहिजे. वेदना, चिंता व टोमणे यांनी दूध उतरण्यास अडथळा होतो.

पाचव्या दिवसानंतर दिवसाकाठी सहा वेळा लघवी होत असेल व वजन वाढत असेल, तर दूध पुरते असे समजावे. नसेल, तर विनाविलंब डॉक्टरांस दाखवावे. यत्न करूनही दूध कमी पडले, तर तो मातेचा दोष नव्हे. मुंबईच्या शीव येथील रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मातृदुग्धपेढी काढली, ती अशाच गरजू अर्भकांसाठी.

म्हणून वडीलधाऱ्या स्त्रियांनी धीर द्यावा, पतीने रात्री मूल खांद्यावर घ्यावे आणि बाळंतिणीस झोप मिळू द्यावी. लाडवांइतकेच हेही पथ्य आहे, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.