आपल्या माणसांशी खरे बोलणे



मालकाला तोंडावर खरे सुनावणे आम्हां कामगार कार्यकर्त्यांना जड जात नाही. त्याला टाळ्या पडतात. जड जाते ते आपल्याच माणसांना खरे सांगणे. अर्धी मागणी पदरात पडली असता गेटवरच्या सभेत 'सारे मिळवले' म्हणण्याचा मोह आम्हांला दर वेळी होतो.

१९१८ साली अहमदाबादचे गिरणी कामगार प्लेगचा बोनस बंद झाल्यावर ५० टक्के पगारवाढ मागत होते. मालक २० टक्क्यांवर अडले होते. गांधीजींनी चौकशी करून ३५ टक्केच रास्त ठरवले आणि तसे कामगारांना स्पष्ट सांगितले. पुढे संप डळमळू लागला, तेव्हा त्यांनी उपवास केला. त्या उपवासाचा दाब मालकांवर पडला, हा दोषही त्यांनी लपवला नाही.

घरी तरी निराळे काय असते? पगाराचा खरा आकडा बायकोला, परीक्षेचा निकाल बापाला सांगताना जीभ अडखळते. ज्यांची मर्जी हवी, त्यांच्याशीच आपण खोटे बोलतो.

म्हणून ऐकणाऱ्यांवरही जबाबदारी येते. कमी आकडा सांगणाऱ्याला सभेतून हुसकावायचे आणि मग पुढारी खोटे बोलतात म्हणून कुरकुरायचे, हे चालायचे नाही. खरे बोलायला छाती लागते. तेवढीच ते ऐकून घ्यायलाही लागते.