सात-बारावरची सही
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



इतक्या वर्षांनी या मंचावर उभं राहताना अजूनही धाकधूक वाटते, की समोरून कुणीतरी विचारेल, "गृहपाठाची वही कुठंय?" संयोजकांनी मला संगणक क्षेत्रातल्या संधींवर बोलायला सांगितलं होतं. ते मी पुण्यात रोजच करते. आज तुमची परवानगी घेऊन मातीबद्दल बोलते.

विज्ञानाच्या बाईंनी शाईत खडू उभा धरला होता, आठवतं? शाई हळूहळू खडूत वर चढली. बाई म्हणाल्या, "हे केशाकर्षण." परीक्षेत त्याचे दोन गुण मिळाले आणि मी ते विसरून गेले. पुढे तोच खडू मला आमच्या शेतात भेटला.

आमचं दीड एकर रान कृष्णाकाठी, सखल भागात आहे. मी शाळेत होते तेव्हा तिथं एकरी पन्नास टन ऊस निघायचा. मग तो वीसवर आला. पुढे पुढे लव्हाळा तेवढा उगवायचा आणि उन्हाळ्यात मीठ पसरल्यासारखा पांढरा थर दिसायचा. वडील गेल्यावर मी आणि भावानं रान विकायचं ठरवलं. आलेल्या गिऱ्हाइकानं निम्म्याहून कमी किंमत सांगितली आणि वर म्हणाला, "ताई, ही जमीन मेलीय."

ती मारली कुणी? आपणच. कोयना धरण झालं, कृष्णेला बारमाही पाणी आलं, उपसा सिंचनाच्या संस्था झाल्या, ऊस आला, कारखाने आले. माझी इंजिनिअरिंगची फी उसाच्या बिलातूनच भरली गेली, त्यामुळे मी उसाला नावं ठेवणार नाही. पण वीज रात्री यायची. वडील मोटर सुरू करून झोपायचे आणि पाणी पहाटेपर्यंत वाहायचं. काळ्या जमिनीतून त्याचा निचरा होत नाही. जमिनीखालची पाणीपातळी वर येते आणि मग तो खडू काम करू लागतो. पाणी क्षार घेऊन वर चढतं, उन्हानं उडून जातं, क्षार मात्र तिथंच राहतात. नीरा कालव्यावर ब्रिटिशांच्या काळातच हे घडलं होतं. पाणी आखून द्यावं म्हणून विश्वेश्वरय्यांनी तिथं ब्लॉक पद्धत आणली होती. धडा जुनाच होता, आपण गिरवला नाही.

विकण्याआधी एकदा माती तपासू म्हणून आम्ही कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात गेलो. इलाज समजला. जमिनीत चार-पाच फूट खोल, ठरावीक अंतरावर, भोकं पाडलेल्या आणि गाळणी गुंडाळलेल्या पाइपा टाकायच्या. त्या एका मोठ्या पाइपला जोडायच्या आणि ते पाणी ओढ्याला सोडायचं. मग पावसानं क्षार धुऊन निघतात. मी लगेच म्हटलं, "किती खर्च? उद्याच पैसे पाठवते." आमच्यासारख्यांना वाटतं की पैसे पाठवले की प्रश्न सुटतो.

पण ओढा आमच्या रानापासून लांब होता. मध्ये दुसऱ्यांची शेतं होती. वरच्या अंगाचं पाणीही आमच्याकडेच मुरत होतं. एकट्यानं काही होणार नव्हतं. शिरोळ तालुक्यात श्री दत्त साखर कारखान्यानं गणपतराव पाटलांच्या पुढाकारानं शेतकऱ्यांना एकत्र आणून हेच काम मोठ्या प्रमाणावर केलंय. ते पाहून आलो आणि आमच्या शिवारातल्या सगळ्यांना सोसायटीच्या हॉलमध्ये बोलावलं. १४ एकर, ९ खाती.

सगळ्यात खालचं शेत आमच्या चुलत्यांचं. बांधावरून वडिलांशी त्यांची ११ वर्षं कोर्टात केस. ते म्हणाले, "माझ्या चांगल्या रानातनं तुमचं खारं पाणी कशाला न्यायचं?" मी म्हटलं, "तात्या, तुमच्या रानात एक खड्डा घेऊया." पाच फूट खड्डा घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात तीन फुटांवर पाणी उभं होतं. तात्या बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "केस काढून घ्या. पाइप न्या." दोन फुटांची पट्टी सोडायची होती. वडिलांनी जिच्यासाठी हयातभर तारखा केल्या, ती सोडताना भावाच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही.

मला वाटलं, जिंकलो. पण खाती ९ असली तरी सात-बारावर नावं होती ३१! कुणी मुंबईला, कुणी सुरतला, एक अमेरिकेत. काम तर जमिनी मोकळ्या असताना, उन्हाळ्यातच करावं लागतं. संमतिपत्रावर सह्या गोळा करण्यात एक अख्खा उन्हाळा गेला. गावात राहणाऱ्यांनी आठवड्यात सह्या दिल्या. उशीर झाला तो आमच्यासारख्यांचा. त्यात माझी स्वतःचीही सही होती. वारस नोंद करायची मी सहा वर्षं टाळली होती.

पुढच्या उन्हाळ्यात पाइपा पडल्या. खर्च क्षेत्राप्रमाणे वाटून घेतला, काहींनी कर्ज काढलं. पहिल्या पावसाळ्यात धैंचा पेरून गाडला. ठिबक बसवलं, कारण पाणी मोकाटच सोडलं तर पाइपाही फार काळ पुरणार नाहीत. आज दोन हंगाम झालेत. रानात ऊस उभा आहे. एक कोपरा अजून पांढराच आहे, तिथं काही उगवत नाही. सगळं झालं असं मी सांगणार नाही. पाइपांची तोंडं गाळानं बुजतात, ती काढायला आता तात्याच पुढे असतात.

मित्रांनो, या सभागृहातल्या निम्म्याहून अधिक जणांचं नाव वाळवा तालुक्यातल्या कुठल्या ना कुठल्या सात-बारावर असेल. देणगी मी मागत नाही. या दिवाळीला गावी गेलात की उतारा काढा, वारस नोंद राहिली असेल तर करा, माती तपासून घ्या. आणि शेजारी संमतीचा कागद घेऊन आला, तर "नंतर बघू" म्हणू नका. तुमच्या एका सहीसाठी कुणाचा तरी उन्हाळा वाया जात असतो.

बाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, खडूचा प्रयोग समजायला मला तीस वर्षं लागली. उशिरा का होईना, वही तपासून घ्या.