दिवसअखेरचा मेळ

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



मी बँकेत कारकून आहे, वक्ता नाही. आमच्याकडे संध्याकाळी रोकडीचा मेळ लागल्याशिवाय कॅशियर घरी जात नाही. दहा रुपयांचा फरक असला तरी शोधावा लागतो. आपल्या इंदूर महापालिकेकडे मी आज याच नजरेने पाहणार आहे.

आपली घराणी होळकरांच्या काळापासून इथली. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या, चौकाचौकांत भरून वाहणाऱ्या कचरापेट्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. २०१६ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरचा क्रमांक २५ वा होता; २०१७ मध्ये पहिला आला. एका वर्षात महापालिकेची सगळी माणसे बदलली का? नाही. बदलली ती कामाची रीत. घरोघरी कचरा उचलण्याचा प्रयोग आधी दोन वॉर्डांत झाला, मग सर्व ८५ वॉर्डांत. गाडीची वेळ ठरली, हजेरीची तपासणी होऊ लागली. चौकातल्या पेट्याच काढल्या, म्हणून गाडी आली नाही तर त्याच दिवशी गल्लीत ओरड होऊ लागली. थोडक्यात, दिवसअखेर मेळ लागू लागला. पहिला नंबर आला तेव्हा कौतुकही सफाई कामगारांच्या वाट्याला आले.

पण पाण्याचे काय? जुलै २०२५ मध्ये स्वच्छतेत आपण आठव्यांदा अग्रस्थानी आलो आणि त्याच डिसेंबरात भागीरथपुऱ्यात पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले. कित्येक आजारी पडले, माणसे दगावली. पाण्याला वास येतो, हे तिथले लोक आधीपासून सांगत होते. महापालिका एकच; पण कचऱ्याचा हिशेब रोजचा, आणि पाण्याची तक्रार तशीच पडून.

मी नुसते दुसऱ्याकडे बोट दाखवत नाही. पूर्वी मी ज्या शाखेत होतो, तिथे तक्रारवही कपाटात कुलूपबंद असे. ग्राहकाने मागितली की ‘साहेब जेवायला गेलेत’ हे आमचे ठरलेले उत्तर. मीही ते दिले आहे. वर्षअखेर वर अहवाल जाई : तक्रारी शून्य! वरचे खूश, आम्ही खूश. ग्राहक मात्र हळूहळू समोरच्या खासगी बँकेत गेले. बँकेतून ग्राहक निघून जाऊ शकतो. नळ बदलून कुठे जाणार?

म्हणून एक विनंती. पाण्याची तक्रार तोंडी करून थांबू नका. ‘इंदूर ३११’ वर नोंदवा, तिचा क्रमांक आणि तारीख मंडळाच्या वहीत लिहा. ती वही मी सांभाळीन, दर सभेत वाचून दाखवीन, आणि जी तक्रार सुटली नाही ती घेऊन आपण वॉर्डाच्या नगरसेवकाकडे जाऊ. पक्ष कोणताही असो.

ही वही मात्र कुलपात राहणार नाही, एवढे वचन देऊन आपली रजा घेतो.