फितुरी आणि निष्ठा: सेनापती चंद्रसेन जाधव



आम्ही इतिहाससंशोधक नव्हे. केंद्र सरकारच्या नोकरीत केस पिकलेल्यांपैकी एक. तरीही मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त मुनिरक्यातील या सभेत सेनापती चंद्रसेन जाधवांविषयी बोलण्याचे धाडस करीत आहोत. कारण त्यांचे दुखणे आम्हां नोकरदारांच्या परिचयाचे आहे.

सन १७०७ मध्ये औरंगजेब वारला आणि शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटले. इकडे गादीवर ताराबाईंचे पुत्र होते. राज्य एक, धनी दोन! शाहूंना अडविण्यासाठी ताराबाईंनी धाडलेले सेनापती धनाजी जाधव खेडच्या लढाईत शाहूंनाच मिळाले. पुढील वर्षी ते निवर्तले व त्यांचे पुत्र चंद्रसेन सेनापती झाले.

धनाजींच्या पदरी कारकुनी केलेले बाळाजी विश्वनाथ आता शाहूंच्या वतीने वसुलीच्या कामी चंद्रसेनांबरोबर आले. हे त्यांना सलत होतेच. १७११ मध्ये एका हरणाच्या शिकारीवरून ठिणगी पडली. बाळाजी जीव घेऊन पळाले. त्यांना आपल्या हवाली करावे, ही चंद्रसेनांची मागणी शाहूंनी मानली नाही. तेव्हा चंद्रसेन ताराबाईंकडे गेले आणि पुढे निजामाच्या चाकरीत शिरले. त्यांना भालकीची जहागीर मिळाली. पण ज्या मोगलांशी लढण्यात वडिलांची हयात गेली, त्यांच्याच सुभेदाराची ती चाकरी होती.

पक्ष पित्यानेही बदलला, पुत्रानेही. मग बोल पुत्रालाच का? पित्याने गादीचा वारस कोण हे पाहिले; पुत्राने आपला मान तेवढा पाहिला.

शाहूंनी बाळाजींना ‘सेनाकर्ते’ हा किताब दिला आणि १७१३ मध्ये पेशवेपद. तेच बाळाजी आपल्या या दिल्लीत आले आणि १७१९ मध्ये दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतले. शाहूंच्या मातोश्री येसूबाईही त्याच साली स्वदेशी आल्या. चंद्रसेन राहते, तर या यशात सेनापतीचा वाटा असता.

आमच्या हाताखाली काम शिकलेला एक तरुण पुढे आमच्याच फायलींवर शेरे लिहू लागला. त्या रात्री आम्ही राजीनामा लिहिला. सकाळी तो फाडला आणि कचेरीत गेलो. पुढे त्याच तरुणाबरोबर अनेक वर्षे काम केले, आणि चांगले केले.

मंडळातही मतभेद होणारच. माणसाशी खुशाल भांडावे; मंडळ सोडू नये, एवढीच नम्र विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.