जुनी पिकअप घेताय? आधी कागद, मग पत्रा

हेडफोन लावलेत ना? मग आज गाड्यांवर बोलू. नव्या नाही, जुन्या. म्हणजे कुणाच्या तरी अंगणात ताडपत्रीखाली उभी असलेली, चाकं जमिनीत रुतलेली अशी पिकअप, जिच्याकडे बघून तुमच्या मनात येतं, 'आपण हिला उभी केली तर?'

रील्समध्ये हे काम दीड मिनिटात होतं. गंज घासला, रंग मारला, संगीत वाजलं, गाडी चमकली. त्या दीड मिनिटात आरसी बुक मात्र कधीच दिसत नाही. आज मी नेमकं तेच दाखवणार आहे. माझं म्हणणं एका ओळीत सांगतो: लोखंड कुठेही मिळतं, कागद मिळत नाही.

मी देवरीचा. आमच्या गावातून राष्ट्रीय महामार्ग ५३ जातो, जुन्या लोकांच्या तोंडी अजूनही 'सहा नंबर'. पुढे सिरपूर, की लगेच छत्तीसगड. रात्रंदिवस ट्रक. त्यामुळे मिस्त्री, वेल्डिंगवाले, पाटे बसवणारे, टायरवाले, सगळे हाकेच्या अंतरावर. अशा गावात जुनी गाडी दुरुस्त करणं अवघड वाटतच नाही. आणि खरंच, तो भाग अवघड नसतोही.

मी बघितलेली गाडी होती टाटा २०७. टाटांनी १९८८ मध्ये पिकअप आणली, त्याच घराण्यातली ही नंतरची. वीस वर्षांहून जुनी. मालक धानाचे कट्टे राईस मिलला न्यायचे. ते वारले, तशी गाडी थांबली. घरात दोन भाऊ. रोवणी तोंडावर आलेली, पैशांची गरज. कबाडी वजनाच्या भावाने ५५ हजार रोख द्यायला तयार. मी ७५ म्हणालो.

आता बघायचं काय, ते क्रमाने सांगतो.

पहिली फ्रेम. अशा पिकअपमध्ये खाली शिडीसारखी लोखंडी फ्रेम असते आणि केबिन, हौदा तिच्यावर बसवलेले असतात. म्हणून पत्रा सडला तरी बदलता येतो. फ्रेम सडली तर विषय संपला. मागच्या पाट्यांचे हँगर जिथे फ्रेमला जोडलेले असतात, तिथे चिखल आणि तणस अडकून ओल राहते. तिथे हातोडीने ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर ठीक. भद्द आवाज आला, पापुद्रे पडले, तर नमस्कार करून घरी या. फ्रेमवर वेल्डिंगचा नवा डाग आणि वर ताजा काळा रंग दिसला, तर विचारा की कशासाठी.

दुसरं इंजिन. थंड असताना चालू करायला सांगा. मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल तर समजून जा. चालू इंजिनवर तेलाचं झाकण उघडा. भकाभका धूर आला तर रिंग-पिस्टनचं काम निघालं. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर हेड गॅस्केट नाहीतर त्याहून मोठं दुखणं. पण हे सगळं पैसे टाकून सुटतं. इथे नाही तर नागपूरला सुटतं.

आता तिसरं, जे खरं तर पहिलं करायचं असतं. गाडी बघायला निघण्याआधी नंबर मागून घ्या आणि परिवहन खात्याच्या ॲपवर टाका. मालक कितवा, फिटनेस कधीपर्यंत, विमा आहे का, कर कुठपर्यंत भरलाय, बँकेचा बोजा आहे का, हे घरी बसून कळतं. पिकअप ही मालवाहू गाडी. आठ वर्षांनंतर तिचं पासिंग दरवर्षी करावं लागतं, आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही लागतो. ही थकबाकी सौद्यात धरा.

नंबर एमएच ३६ असेल तर बिचकू नका. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झाला. ३६ भंडाऱ्याचा, ३५ आपला. पण नंबर सीजी ०८ असेल, म्हणजे राजनांदगावचा, तर तिकडच्या आरटीओची एनओसी लागते, फॉर्म २८. ती विकणाऱ्याने आणून द्यायची. 'नंतर देतो भाऊ' हे चालत नाही.

मग फ्रेमवर ठोकलेला चेसिस नंबर. गंज हलक्या हाताने पुसा, कागद ठेवून पेन्सिल घासा, आरसीशी एकेक अक्षर जुळवा. एक आकडा जरी खोडलेला वाटला तरी पुढे जाऊ नका. तुम्ही चोरीची गाडी सजवत असाल.

आमच्या २०७ चा चेसिस नंबर जुळला. फिटनेसही दिवाळीपर्यंत होतं. अडचण एकच: आरसीवर नाव वारलेल्या वडिलांचं. वारलेला माणूस विक्रीच्या फॉर्म २९, ३० वर सही करत नाही. काही लोक तीही 'करवून' देतात. तो थेट गुन्हा आहे. सरळ रस्ता असा: मृत्यू दाखला, बाकी वारसांची संमती, फॉर्म ३१, गाडी आधी एका वारसाच्या नावावर आणि मग तुमच्या.

मी ५ हजार इसार खात्यावर टाकला, स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं, आणि सांगितलं की बाकी ७० नाव चढल्यावर. धाकटा चिडला. म्हणाला, "कबाडी आज नगद देते, तुम्ही कागद काऊन मागता?" त्याचं चुकलं नव्हतं. रोवणीची मजुरी कागदावर देता येत नाही. थोरला थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "बाबाच्या नावाची गाडी कापाले नाही द्यायची." मजुरीसाठी त्याने दुसरीकडून उसने घेतले.

रोवणी झाली, धान निसवला, तरी आरसी हातात नव्हती. मधे कबाडी दोनदा येऊन गेला. गाडी गेली असती तर मी काहीही करू शकलो नसतो. दसऱ्यानंतर थोरल्याचं नाव चढलं, मग माझं. त्याच दिवशी ७० हजार दिले.

एवढी घाई टाळून मिळतं काय? एक खरी गोष्ट सांगतो. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून छोटी जीप बनवली, तीही किक मारून चालू होणारी. २०२१ च्या डिसेंबरात आनंद महिंद्रांनी तिचं जाहीर कौतुक केलं. पण त्याच दमात हेही म्हटलं की ही नियमात बसत नाही, आज ना उद्या अधिकारी रस्त्यावर थांबवतील. त्यांनी तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली, आणि २०२२ च्या जानेवारीत लोहारांना ती मिळालीसुद्धा. ही कारागिरी पहिल्या दर्जाची. तरीही रस्त्यावर चालायला कागद लागतोच. आणि आपल्याला बदल्यात बोलेरो द्यायला कुणी येणार नाही.

म्हणूनच मनासारखी मोडतोडही करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीची मूळ रचना बदलता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच पक्कं केलं. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी घ्या. रंग बदलला तर आरसीवर नोंद करा. 'व्हिंटेज' नोंदणीचं स्वप्नही नको. ती पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या, धंद्यात नसलेल्या गाड्यांना मिळते.

कामाचा क्रम माझा असा: ब्रेक, स्टिअरिंग, टायर, वायरिंग, इंजिन, मग पत्रा, आणि सगळ्यात शेवटी रंग. थांबता येत नसेल अशी गाडी चालू करून उपयोग काय? आमची २०७ पासिंग होऊन आलीय. दिसायला अजून भिकारच आहे. डाव्या दाराला अजूनही वडिलांच्या वेळचा जुना हिरवा रंग आहे. तो थोरल्याने ठेवायला सांगितलाय, मी ठेवणार.

तर मंडळी, तुमच्याही नजरेत एखादी गाडी असेल. आज तिचा फोटो नका काढू, नंबर लिहून घ्या. ॲपवर टाका. काय निघालं ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात.