आरे-वारेचा समुद्र चौकटीत कसा बसवाल?



रत्नागिरीहून किनाऱ्याच्या रस्त्याने गणपतीपुळ्याकडे निघालं, की आरे-वारेला रस्ता डोंगर चढतो आणि माथ्यावर गाड्या आपसूक थांबतात. एका बाजूला आरेची पुळण, दुसऱ्या बाजूला वारेची, मध्ये समुद्रात घुसलेला डोंगर. माणसं उतरतात, मोबाइल काढतात आणि पाच-सात सेकंदांत या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून मोकळी होतात. घरी गेल्यावर दिसतो तो तिरका समुद्र, पांढरंफटक आकाश, आणि ऐकू येतो फक्त वारा. मोबाइल स्वस्तातला म्हणून असं झालं, असं पुष्कळांना वाटतं. खरं कारण हे, की काय दाखवायचं ते आधी ठरलेलंच नसतं.

आपल्याकडे चित्रीकरणाची सुरुवात एका जागी उभ्या असलेल्या कॅमेऱ्याने झाली. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, यांनी १८९९ साली मुंबईत कुस्तीचं चित्रण केलं. पुढे १९०१ मध्ये गणितज्ञ रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, तेव्हा त्यांच्या स्वागताचंही केलं. परांजपे रत्नागिरी जिल्ह्यातलेच, दापोलीजवळच्या मुर्डीचे. त्या काळी कॅमेरा कुठे ठेवायचा, याचा विचार आधी करावाच लागे. तेच आपणही करावं. माथ्यावर पोचल्यावर मोबाइल दोन मिनिटं खिशातच राहू द्या. पुळणीचं वळण दाखवायचंय, लाटांची ओळ, की सुरूचं बन? एका शॉटला एक गोष्ट पुरते.

आता क्षितिज. समुद्राची रेषा जराही कलली तर पाणी वाहून जाईलसं वाटतं. मोबाइलच्या सेटिंगमध्ये ग्रिड असतं, ते सुरू करा आणि आडव्या रेषेला क्षितिज लावा. ते बरोबर मध्यावर आलं, तर बघणाऱ्याला आकाश पाहावं की पाणी, हे कळत नाही. ढग सुंदर असतील तर क्षितिज खालच्या तिसऱ्या भागात घ्या, किनारा दाखवायचा असेल तर वरच्या. खाली वाळूत चालणारा एखादा माणूस चौकटीत येऊ द्या. त्याच्यामुळेच पुळण केवढी लांब आहे ते समजतं.

कॅमेरा फिरवायचाच असेल तर हळू. मोबाइल सेकंदाला साधारण २४ ते ३० चित्रं टिपतो. घाईने फिरवलं की दोन चित्रांमध्ये डोंगर उडी मारतो. एखादी वस्तू चौकटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला निदान सात सेकंद लागावेत, हा जुन्या कॅमेरामनांचा आडाखा. सुरुवातीला आणि शेवटी थोडं थांबा. कोपर अंगाशी धरा, पाय रोवा, कमरेतून वळा.

सूर्यास्ताला आणखी एक घोटाळा होतो. मोबाइल समोर उभ्या माणसाचा चेहरा उजळवायला जातो आणि केशरी आकाश धुऊन निघतं. पडद्यावर आकाशाच्या जागी बोट दाबून धरा म्हणजे एक्सपोजर तिथेच कुलूपबंद होतं. डिसेंबरात सूर्य रत्नागिरीच्या अंगाला बुडतो, मे महिन्यात गणपतीपुळ्याच्या अंगाला. वर्षभरात क्षितिजावरची ही जागा पन्नासेक अंशांनी सरकते. म्हणून उभं कुठे राहायचं, तेही ऋतूप्रमाणे बदलावं लागतं.

लांबचं दृश्य घेतलंत, की खाली उतरून जवळचंही घ्या. व्ही. शांतारामांनी १९३४ च्या ‘अमृतमंथन’ चित्रपटात टेलिफोटो भिंग लावून नट चंद्रमोहनचा नुसता डोळा पडद्यावर आणला होता. पुळणीवरही असं जवळून टिपण्याजोगं असतं. ओहोटीला छोट्या खेकड्यांच्या बिळांभोवती वाळूच्या बारीक गोळ्यांची नक्षी असते. मोबाइल जमिनीलगत ठेवा, गप्प बसा. मिनिटाभरात खेकडा बाहेर येईल, वाळू तोंडाशी नेईल आणि गोळी करून बाजूला टाकेल. ही दहा सेकंदं माझ्या मते माथ्यावरच्या दहा शॉटांवर भारी पडतात. तिथे झूम करू नका, त्याने चित्र फाटतं. आणि खारं पाणी भिंगावर बसतं, ते दर थोड्या वेळाने मऊ सुती कापडाने पुसा.

शॉट जोडताना दिशेचं भान हवं. गणपतीपुळ्याकडे जाताना समुद्र डाव्या हाताला असतो. मध्येच एका शॉटमध्ये तो उजवीकडे आला, तर बघणाऱ्याला गाडी परत फिरली असंच वाटेल.

आणि एक कळकळीची विनंती. लाटेकडे पाठ करून, खडकाच्या टोकावर उभं राहून चित्रण करू नका. पावसाळ्यात तर पाण्याजवळ जाऊच नका. आरे-वारेच्या पाण्यात माणसं बुडालेली आहेत. उधाणाचं चित्रण रस्त्याच्या माथ्यावरूनच करा. तिथून ते दिसतंही चांगलं.