दल्ली राजहराचा दवाखाना
(नवा रायपूर येथील मेळाव्यातील भाषण)

रेल्वेतल्या आणि पोस्टातल्या साथींनो,

नवा रायपूरच्या या चकचकीत सभागृहात आम्ही एका जुन्या दवाखान्याबद्दल बोलणार आहोत. दुर्गहून आपली लाईन दल्ली राजहराला जाते; तिथले लोहखनिज आपल्याच मालगाड्यांनी भिलाईला पोचते. जून १९७७ मध्ये तिथल्या ठेकेदारी खाणकामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. ११ जण गेले. पुढे संघटनेच्या उपाध्यक्षा कुसुमबाई बाळंतपणात उपचाराअभावी दगावल्या.

शंकर गुहा नियोगींच्या या साथींनी शोकसभेवर विषय मिटवला नाही. वर्गणी काढली, स्वतः राबले आणि ३ जून १९८३ ला शहीद हॉस्पिटल सुरू केले. सरकारी अनुदान नाही! दिवसभर खाणीत घण मारणारे हात कामानंतर डॉक्टरांकडून मलमपट्टी शिकले. १९९१ मध्ये भिलाईत नियोगींची हत्या झाली. दवाखाना बंद पडला नाही.

आणि आम्ही? गँगमधला भाऊ ड्युटीवर गाडीखाली गेला की दोन मिनिटे उभे राहतो, हार घालतो, पुढचा विषय घेतो. मागच्या पावसाळ्यात असेच झाले. हार आम्हीच आणला होता. पेन्शनचे कागद कुठे द्यायचे हे त्याच्या बायकोला सांगायला मात्र कोणी गेले नाही. आम्हीही नाही.

आजच्या कार्यक्रमपत्रिकेत मदत निधी सातव्या क्रमांकावर आहे, चहानंतर. चहानंतर किती जण उरतात ते सर्वांना ठाऊक आहे. तो विषय आत्ताच घ्यावा, अशी अध्यक्षांना आमची विनंती आहे.